ज्याचं मूल, त्याचा हात नको

नीलमच्या कॉलेजांची यादी विजयकुमार शेजवळकरांनी एकोणिसाव्यांदा खालची वर आणि वरची खाली केली, तेव्हा अलकनंदाबाईंनी भिंतीवरच्या राउटरचं बटण बंद केलं आणि त्या पुन्हा कोथिंबीर निवडायला बसल्या.

"अगं, सेव्ह व्हायचं होतं!"

"म्हणूनच."

विजयकुमार चेन्नईजवळ आवडी या गावी सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होते आणि गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापडाचे तपासनीस होते. सव्वीस वर्षं ते एकच काम करत आले होते. आलेला तागा उजेडासमोर धरायचा, कुठे धागा सुटलाय, कुठे गाठ आहे, कुठे वीण विरळ झालीय ते शोधायचं आणि खडूने फुली मारायची. अशा माणसाच्या हाती मुलीच्या कॉलेजांची यादी पडल्यावर त्याने काय करायचं? फुल्याच मारल्या त्यांनी. हे कॉलेज लांब, त्या कॉलेजचं कँटीन बेकार, तिसऱ्याच्या वेबसाइटवर प्राचार्यांचा फोटो वाकडा.

नीलमने स्वतःचं म्हणणं एकदाच सांगितलं होतं, तेही जेवताना.

"बाबा, मला टेक्स्टाइल करायचंय. कोइमतूरला."

विजयकुमार हसले. मनापासून हसले, हे जास्त वाईट. "कापड? अगं, मी जन्मभर कापडाला भोकं शोधतोय. एका घरात एक पुरे. तू कॉम्प्युटर घे. इथून दहा मिनिटांवर कॉलेज आहे, गेटवर बस येते, दुपारचं जेवायला सुद्धा घरी येशील."

"दुपारचं जेवायला घरी यायला मी काय शाळेत जाणार आहे?"

"मग डबा ने."

विषय संपला. म्हणजे विजयकुमारांचा संपला. नीलमने वरण जरा जोरात कालवलं, एवढंच.

आता इंजिनिअरिंग प्रवेशाचं हे कौन्सेलिंग कसं चालतं ते सांगायला हवं, कारण ते न कळल्यामुळेच त्या जुलैत आवडीतल्या निम्म्या बापांची झोप गेली होती. गुणांवरून रँक लागते. मग तीन दिवस खिडकी उघडते. त्या तीन दिवसांत हवी ती कॉलेजं आणि शाखा आपल्या पसंतीच्या क्रमाने भरायच्या आणि यादी लॉक करायची. मग यंत्र वरून खाली वाचत येतं आणि जी पहिली जागा मोकळी दिसेल ती तुमच्या पदरात टाकतं. यंत्राला दयामाया नाही. क्रम चुकला की आयुष्य चुकलं, असं सगळे सांगतात. सगळे म्हणजे ज्यांची मुलं अजून कुठेच लागलेली नसतात ते.

एवढं जड ओझं एकट्याने कसं उचलायचं? म्हणून विजयकुमारांनी मे महिन्यातच 'बारावी पालक आधार गट' काढला होता. सभासद तीन. एक ते स्वतः. दुसरे हरिप्रसाद राव, एग्मोरला रेल्वेच्या कार्यालयात हेडक्लार्क. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्या मराठी घराण्यातले, त्यामुळे त्यांची मराठी विजयकुमारांना आजोबांच्या आजोबांशी बोलल्यासारखी वाटायची. तिसऱ्या रंजनीबाई, त्याही तंजावरच्याच, नुंगंबाक्कमच्या एका बँकेत अधिकारी. त्यांचे यजमान बदलीवर विशाखापट्टणमला, म्हणून सगळा कारभार यांच्याच अंगावर. दर रविवारी सकाळी दहाला शेजवळकरांच्या हॉलमध्ये बैठक भरे. कॉफी अलकनंदाबाईंची, चिंता ज्याची त्याची.

राउटर बंद पडल्यानंतरच्या रविवारी तिघांचेही चेहरे उतरलेले होते.

"कौशिक तीन दिवस माझ्याशीं बोलत नाही, सार," हरिप्रसाद म्हणाले. "ताट उचलतो, गच्चीवर जातो. मी काय केलों? त्रेचाळीस कॉलेजांची यादी केलों. सगळीं कॉम्प्युटर. रत्नासारखीं कॉलेजं निवडलों पा!"

"माझा मुरली बोलतो," रंजनीबाई म्हणाल्या, "पण एकच शब्द, नाही. इल्लै. जेवतोस? इल्लै. फॉर्म बघू? इल्लै. मला एवढंच हवंय की चारशे किलोमीटरच्या आत एकही कॉलेज नको. अठरा वर्षांचा घोडा, स्वतःचं ताट उचलत नाही. हॉस्टेलांत गेला म्हणजे हात हलवील."

"आमच्याकडे तर राउटरच बंद आहे," विजयकुमार म्हणाले आणि उठून येरझारा घालू लागले. चौथ्या फेरीला त्यांचे डोळे चमकले. अलकनंदाबाईंनी ते स्वयंपाकघरातून पाहिलं आणि गॅस बारीक केला. ही चमक त्यांना माहीत होती. मागे असेच डोळे चमकले होते तेव्हा घरातल्या सगळ्या डब्यांना नंबर पडले होते आणि साखर शोधायला रजिस्टर उघडावं लागायचं.

"आमच्या कारखान्यात नियम आहे," विजयकुमार म्हणाले. "ज्यानं शिवलं, त्यानं तपासायचं नाही. शिवणाऱ्याला आपल्या टाक्यातली चूक दिसतच नाही. तिला तो डिझाइन समजतो! आपलं तेच होतंय. आपण आपल्याच मुलांचे फॉर्म भरतोय, म्हणून भांडणं. उद्यापासून ज्याचं मूल, त्याचा हात नको."

"म्हणजे कसं?"

"अदलाबदल. कौशिकचा फॉर्म मी भरतो. मुरलीचा हरिप्रसादराव भरतील. नीलमचा रंजनीताई. प्रत्येकानं आपलं मागणीपत्र सही करून द्यायचं. मूल दुसऱ्या घरी जाऊन बसेल, शांतपणे यादी भरेल, लॉक करेल. पासवर्ड बदलून टाकायचा. आणि निकाल लागेपर्यंत कुणीही आपल्या मुलाची यादी उघडायची नाही. पास झालेल्या मालाला पुन्हा हात लावला की माल मळतो."

हरिप्रसादांनी टंबलरमधली कॉफी खालच्या पसरट डबऱ्यात ओतली, डबऱ्यातली टंबलरमध्ये ओतली. सरकारी माणसाला नियम म्हटला की बरं वाटतं. "चांगलं आहे, सार. फायलीसारखं आहे. आपली फाइल आपण पास करत नाहीं."

रंजनीबाईंनाही पटलं. बँकेत तरी दुसरं काय असतं? एक नोंदवतो, दुसरा मंजूर करतो. शिस्तीच्या तीन खात्यांमधली तीन माणसं एकत्र आल्यावर त्या खोलीत शहाणपणाला बसायला जागाच उरली नाही.

फक्त अलकनंदाबाईंनी आतून विचारलं, "आणि मुलं काय म्हणतात?"

"त्यांनी फक्त जायचंय," विजयकुमार म्हणाले.

खिडकी उघडली त्या दिवशी संध्याकाळी कौशिक शेजवळकरांकडे आला. उंच, सडपातळ, मान खाली. हातात वडिलांचं मागणीपत्र. त्रेचाळीस कॉलेजं, प्रत्येक ओळीपुढे हिरव्या शाईत बारीक सही. विजयकुमारांनी चष्मा लावला, लॅपटॉप उघडला आणि पहिलं कॉलेज टाइप करायला घेतलं. तेवढ्यात अलकनंदाबाईंनी साबुदाण्याची खिचडी आणून ठेवली. तिचा गोळा झाला होता. त्यांचा नेहमीच होतो, शेजवळकरांच्या घरात तो विषय कुणी काढत नाही.

कौशिकने एक घास घेतला आणि आल्यापासून पहिल्यांदा त्याची मान वर आली.

"आंटी, पाणी जास्त नाही झालं. भिजवायच्या आधी धुतलां नाहीं. वरचा स्टार्च राहिला कीं तो चिकटतो. तीन वेळा धुवा, मग दाण्याच्या बरोबरीनं पाणी, आणि मीठ शेवटीं."

"तुला रे कसं ठाऊक? तुमच्याकडे तर हे करतच नाहीत."

"मी केलों घरीं. सात वेळा. वहींत लिहून ठेवलोंय, कुठल्या वेळीं किती पाणी." आणि मग त्याचा बांधच फुटला. इडलीचं पीठ पावसाळ्यात लवकर का आंबतं, रस्त्यावरचं दही संध्याकाळपर्यंत का टिकतं आणि पाकिटातलं का टिकत नाही, लोणच्याला बुरशी कुठून येते. तासभर तो बोलत होता. विजयकुमारांचा हात कीबोर्डवरून कधी निघाला ते त्यांना कळलंच नाही.

"मग तुला करायचंय काय?"

"फूड टेक्नॉलॉजी, अंकल."

"अप्पांना सांगितलंस?"

"सांगितलों. म्हणाले, ताक घुसळायला डिग्री कशाला, पाटीला विचार." पाटी म्हणजे त्याची आजी.

विजयकुमारांच्या डोक्यात तिडीकच गेली. काय माणूस आहे हा! एवढं हुशार पोर, डोळ्यांत एवढा उजेड, आणि बापाला दिसत नाही? घरातल्या घरात राहून दिसत नाही? काही काही बापांना मुलं म्हणजे आपल्या टेबलावरच्या फायली वाटतात! अशा विचारांनी त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी मागणीपत्राची नीट चौपदरी घडी केली, ती लॅपटॉपखाली ठेवली आणि पहिल्या ओळीत फूड टेक्नॉलॉजी भरलं. दुसऱ्या ओळीतही. आठव्या ओळीपर्यंत.

"अंकल, अप्पा रागावतील."

"रागावू देत. आज ना उद्या मला दुवा देतील," विजयकुमार म्हणाले आणि लॉक दाबलं. त्या रात्री त्यांना फार छान झोप लागली. दुसऱ्याच्या मुलाचं भलं केल्यावर लागते तशी.

नीलम त्याच संध्याकाळी रंजनीबाईंकडे जाऊन आली होती. "झालं?" विजयकुमारांनी विचारलं. "झालं," ती म्हणाली आणि चक्क गुणगुणत आंघोळीला गेली. विजयकुमार बायकोला म्हणाले, "बघ. भांडण नाही, तंटा नाही. पद्धत पाहिजे, पद्धत."

निकाल गुरुवारी सकाळी दहाला लागणार होता. विजयकुमारांनी अर्धी रजा टाकली. दहा वाजून चार मिनिटांनी मोबाइल वाजला. त्यांनी मेसेज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. टेक्स्टाइल टेक्नॉलॉजी. कोइमतूर. पुढे लिहिलं होतं की दोन दिवसांत होकार कळवा. नाहीतर ही जागा जाईल आणि पुढच्या फेरीत उरलंसुरलं घ्यावं लागेल.

"सर्व्हरची चूक आहे," ते म्हणाले.

"नाही बाबा," नीलम म्हणाली. ती दारात उभी होती आणि तिचे गाल इतके वर गेले होते की खाली आणायला तिला कष्ट पडत होते. "बरोबर आहे ते."

विजयकुमारांनी एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात बूट घातला, अलकनंदाबाईंनी तो बदलायला लावला आणि ते तडक रंजनीबाईंच्या घरी निघाले. तिथे दार मुरलीने उघडलं.

"अम्मा नाही, अंकल. हरिप्रसाद अंकलकडे गेली. फार रागानं गेली."

"का?"

"माझं ॲडमिशन झालं." मुरलीने लाजून सांगितलं. "कॉम्प्युटर. ते गेटवर बस येते ना, तेच कॉलेज."

विजयकुमारांनी कॉलेजचं नाव त्याला पुन्हा उच्चारायला लावलं. त्यांनी नीलमसाठी वर्षभर जपून ठेवलेलं कॉलेज! त्यांना जे हवं होतं ते यंत्राने दिलं होतं, फक्त पत्ता चुकला होता. ते ऑटो करून हरिप्रसादांकडे गेले. तिथे सोफ्यावर रंजनीबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या आणि हरिप्रसादांच्या पत्नी तुळसीबाई त्यांना लिंबू सरबत देत होत्या.

"हरिप्रसादराव कुठे आहेत?" दोघांनी एकदमच विचारलं. रंजनीबाईंनी तिसऱ्यांदा.

"ते तुमच्याकडेच गेले, सार," तुळसीबाई विजयकुमारांना म्हणाल्या. "छत्री घेऊन गेले. ऊन नाहीं, पाऊस नाहीं. मला भय वाटलं."

तेवढ्यात अलकनंदाबाईंचा फोन आला. "अहो, हरिप्रसादराव आलेत. चपलांसकट आत आलेत. कॉफी नको म्हणतात." शेवटचं वाक्य त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, कुणी गेल्याची बातमी द्यावी तसं.

परत जायला एकच ऑटो मिळाली. त्यात विजयकुमार आणि रंजनीबाई शेजारी बसले.

"ताई, मी तुमच्यावर विश्वास टाकला. सही करून कागद दिला."

"थांबा हो जरा. आधी मला त्या हरिप्रसाद सारना बघूं दे. मीही सही करून कागद दिलें. चारशे किलोमीटर लिहिलें. माणसानं मला चार दिले!"

"ते तुमचं तुम्ही बघा, पण माझ्या मुलीचं काय?"

"तुमचं नंतर. मी एका वेळीं एकच भांडण करते."

ऑटोवाल्याने आरशातून दोघांना निरखलं आणि नम्रपणे विचारलं, "सार, पोलीस स्टेशनला पोगणुमा?"

"नाही, घरीच," विजयकुमार म्हणाले.

घरी हरिप्रसाद हॉलच्या मधोमध उभे होते. छत्रीचं टोक विजयकुमारांकडे रोखून त्यांनी सुरुवात केली. "सार! तुमच्या घरीं मी विश्वासानं मुलगा पाठवलों. त्रेचाळीस कॉलेजं. त्रेचाळीस सह्या! आणि तुम्ही काय दिलां? ताक!"

"ताक नाही, फूड टेक्नॉलॉजी," विजयकुमार म्हणाले. आता त्यांच्या अंगात आलं. "हरिप्रसादराव, तुमच्या पोरानं साबुदाण्यावर वही लिहिलीय. सात वेळा केलेला प्रयोग! तुम्ही एकदा तरी उघडून पाहिलीत? पोर ताट घेऊन गच्चीवर जातं, का जातं? खाली ऐकणारं कुणी नाही म्हणून! मूल म्हणजे फाइल नव्हे की हिरव्या शाईनं सही केली आणि पुढे ढकलली. बापाला आधी ऐकता आलं पाहिजे!"

भाषण उत्तम झालं. विजयकुमारांनी मान वळवली तेव्हा त्यांना दिसलं की अलकनंदाबाई, नीलम आणि रंजनीबाई एका रांगेत उभ्या राहून आपल्याकडे बघताहेत.

"वा," रंजनीबाई म्हणाल्या. "मग माझं अर्धं काम झालं."

"तुमचा इथं संबंधच काय?" विजयकुमार म्हणाले, पण आवाज आधीसारखा निघाला नाही.

"सांगते. तुमची लेक माझ्या घरीं आली. दोरीवर माझी साडी वाळत होती. तिनं ती उलटी केली, उजेडाला धरली आणि मला म्हणाली, आंटी, इथं वीण बदललीय, इथं नवा धागा जोडलाय, हा माणूस इथं जेवायला उठला असेल. अर्धा तास बोलली. मी विचारलें, हे कुठं शिकलीस? म्हणाली, बाबांनी शिकवलं. लहान असताना बाबा कारखान्यातनं तुकडे आणायचे आणि खिडकीशी बसून मला चुका शोधायला लावायचे. जिंकलं की पाच मार्क."

विजयकुमारांनी नीलमकडे पाहिलं. तो खेळ त्यांना आठवत होता. पण तो पोरगीला गप्प बसवण्यासाठी काढला होता, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

"तो खेळ होता गं," ते म्हणाले.

"तुमच्यासाठी," नीलम म्हणाली.

विजयकुमारांनी घाईघाईने विषय हरिप्रसादांकडे ढकलला. "आणि तुम्ही? तुम्ही रंजनीताईंच्या मुलाला काय केलंत?"

"मी जे केलों ते विचार करून केलों," हरिप्रसाद छत्री खाली घेत म्हणाले. "मुरली माझ्यासमोर बसला. मी चारशे किलोमीटरपलीकडचं पहिलं कॉलेज घातलों. तो म्हणाला, अंकल, इल्लै. मी विचारलों, का? तर म्हणाला, अप्पा विशाखापट्टणमला. मी पण गेलों तर अम्मा एकटीच. एकटी असली कीं ती स्वयंपाक करत नाहीं. उभ्या उभ्या दहीभात खाते आणि निजते. मला सांगा, मी कुठल्या तोंडानं चारशे किलोमीटर लिहूं?"

रंजनीबाईंनी पर्स उघडली, आत काहीतरी शोधलं, सापडलं नाही, पर्स बंद केली. मग म्हणाल्या, "एवढं कळतं त्याला, तर ताट का उचलत नाही?"



आता पेच असा पडला की तिघेही फिर्यादी आणि तिघेही आरोपी. विजयकुमारांनी रंजनीबाईंना बोलावं तर हरिप्रसाद त्यांना बोलणार. हरिप्रसादांनी बोलावं तर रंजनीबाई त्यांना धरणार. जो कुणी तोंड उघडी, त्याचंच भाषण त्याच्या अंगावर येई. दहा मिनिटं असं गोल गोल फिरून झाल्यावर अलकनंदाबाईंनी कॉफी आणली आणि सांगितलं, "मतदान करा. एकेका मुलाची मिळालेली जागा घ्यायची की सोडायची. जिकडे दोन हात, तिकडे निकाल. नाहीतर परवा पाचला तिन्ही जागा जातील आणि तुमचा गट पुढच्या वर्षीही इथेच भरेल. मी सांगून ठेवते, कॉफी मिळणार नाही."

विजयकुमारांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. रंजनीबाई विरुद्ध जाणार. पण हरिप्रसाद बाप आहेत, सनातनी आहेत, पोरीला कोइमतूरला पाठवा असं ते जन्मात म्हणणार नाहीत. दोन विरुद्ध एक. "मंजूर," ते म्हणाले. बाकीच्या दोघांनीही डोळे बारीक करून काहीतरी मोजलं आणि मंजूर म्हटलं.

पहिलं नाव कौशिकचं निघालं. विजयकुमारांचा हात पंख्याला लागेल इतका वर गेला. रंजनीबाईंनीही हात वर केला. "मूल स्वतःच्या हातानं सात वेळा काहीही करत असेल, तर ते माझ्या घरीं पाठवा," त्या म्हणाल्या. हरिप्रसाद पडले.

दुसरं मुरलीचं. हरिप्रसादांनी हात वर केला. विजयकुमारांनी क्षणभर थांबून स्वतःच्या मनाला विचारलं. पण मूल घराजवळ राहावं याविरुद्ध हात खाली ठेवणं त्यांना कसं शक्य होतं? वर गेला. रंजनीबाई पडल्या.

तिसरं नीलमचं. रंजनीबाईंचा हात नाव उच्चारायच्या आधीच वर होता. मग सगळ्यांनी हरिप्रसादांकडे पाहिलं. विजयकुमारांनी तर अशा नजरेने पाहिलं की दगडालाही पाझर फुटावा. नीलमने ओढणीचं टोक मुठीत आवळलं होतं.

हरिप्रसादांनी कॉफीचा घोट घेतला. मग कॉफी खाली ठेवली.

"सार, एक विचारूं? कोइमतूरला कॉम्प्युटर मिळालं असतं, तर पाठवलां असतां?"

विजयकुमारांनी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. कारण उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते त्यांना आत्ता, या क्षणी, सगळ्यांसमोर कळत होतं. भांडण कापडाशी नव्हतंच. भांडण पाचशे किलोमीटरशी होतं.

"मग तें कापडावर कशाला ढकलतां?" हरिप्रसाद हळूच म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. फार उंच नाही, खांद्यापर्यंतच. पण वर.

होकार कळवायला विजयकुमारांच्याच मोबाइलवर ओटीपीचे आकडे येणार होते. ते आले. नीलम लॅपटॉपपुढे बसली होती, बाकीचे तिच्यामागे.

"सांगा बाबा."

"चार," ते म्हणाले. "नऊ." मग थांबले. "एक. एक. सात."

"आणि शेवटचा?"

"थांब जरा." बाहेर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. विजयकुमारांनी त्या तीन मोजल्या. "रेल्वेनं जायचं. रात्रीची बस नाही."

"बरं."

"रोज फोन."

"एक दिवसाआड."

"दोन," ते म्हणाले. अलकनंदाबाईंनी चमकून पाहिलं.

"दिवसातून दोनदा?" नीलमने विचारलं.

"शेवटचा आकडा गं. दोन."

तिने दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली. नीलमने पहिली मिठी मारली ती रंजनीबाईंना, आणि विजयकुमारांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. दुसरी त्यांना मारली, आणि ती जास्त वेळ टिकली. हरिप्रसाद मात्र सोफ्यावर बसून अलकनंदाबाईंना विचारत होते की तो साबुदाणा म्हणतात तो तीनदा धुवायचा की चारदा.

महिन्याभराने नीलम गेली. घरात इतकी शांतता झाली की विजयकुमारांना स्वतःच्या राउटरचा आवाज ऐकू येऊ लागला. अशाच एका संध्याकाळी पद्मनाभ नावाच्या गृहस्थांचा फोन आला. यंदा त्यांचा मुलगा बारावीला.

"शेजवळकर सर, तुमचं फार नाव ऐकलं. तुमच्या गटातली तिन्ही मुलं आपापल्या आवडीच्या ठिकाणी लागली म्हणतात. आणि तुम्ही तर मुलीला चक्क कोइमतूरला पाठवलंत, टेक्स्टाइलला! एवढी हिंमत कुठून आणलीत?"

विजयकुमार खुर्चीत नीट सरसावून बसले. "हिंमत कसली हो. मुलांचं ऐकावं लागतं. बापाचं मन मोठं लागतं. आमच्याकडे पहिल्यापासून मोकळं वातावरण." ते चाळीस मिनिटं बोलले. अलकनंदाबाई दोनदा दारात येऊन ऐकून गेल्या आणि काहीही न बोलता परतल्या, हे त्यांचं मोठेपण.

"फार बरं वाटलं सर," पद्मनाभ शेवटी म्हणाले. "तुमच्यासारखा आधार पाहिजे."

"आणि तुमच्या मुलाला काय करायचंय?"

"त्याला?" पद्मनाभ हसले. मनापासून हसले. "त्याला काय विचारायचं सर! मी ठरवलंय ना. कॉम्प्युटर."

विजयकुमारांनी वही ओढली, कोरं पान काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं. "उत्तम," ते म्हणाले. "तुम्ही मुळीच काळजी करू नका. सही करून मागणीपत्र द्या, आणि खिडकी उघडली की मुलाला एकट्यालाच माझ्याकडे पाठवा. पासवर्डसकट."